आर्वीला टाकलेलं कार्ड

हंसापुरी, नागपूर
ता. १२ सप्टेंबर १९७०

मीराबाईंना,

थोरल्या जावेला पत्र लिहिताना आधी साष्टांग नमस्कार घालायचा असतो, एवढं मलाही कळतं. पण सध्या माझं अंग वाकत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. तुम्ही शाळेतल्या बाई आहात. चूक वाटली तर लाल शाईनं खूण करा.

शामला सुखरूप आहे. आर्वीहून निघाल्यापासून तुम्ही दिलेला डबा मांडीवर धरून बसली होती. वर्धा आलं तरी उघडला नाही. मी म्हटलं, "खाय ना वं बाई, भूक लागली असन." तर म्हणाली, "मोठ्या आईनं घरी गेल्यावर खाय म्हटलं." आणि घरी आल्यावरच खाल्लं. आमच्याकडे थोरल्या काकूला मोठी आई म्हणतात, त्यात तुमचा दोष नाही. नऊ वर्षं ती म्हणतच होती. पण पूर्वी ते मला टोचत नव्हतं.

मी तिला जूनच्या शेवटी तुमच्याकडे का पाठवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मोहल्ल्यात हैजा शिरला होता. शेजारच्या इंदूबाईंचा सासरा सकाळी दाढी करत होता आणि संध्याकाळी नव्हता. तुमचे दीर म्हणाले, "शामीले वहिनीकडं सोडून येतो." मी हो म्हटलं. वहिनीचं नाव निघालं की या घरात हो म्हणायचं असतं, हे मी बारा वर्षांत शिकले होते.

मग एकोणीस जुलैला तेच गेले. दोन दिवसांत. साऱ्या इतवारीतल्या दुकानांचे बोर्ड रंगवणारा माणूस, त्याच्या अंगात शेवटी पाण्याचा ग्लास धरायची ताकद नव्हती.

मी तुम्हाला कार्ड टाकलं. तार केली असती तर तुमच्या गल्लीत रडारड झाली असती आणि पोर धसकली असती, म्हणून मुद्दाम तार केली नाही. रिवाजाप्रमाणे कार्डाचा कोपरा फाडला, म्हणजे हातात घेतल्याबरोबर तुम्हाला समजावं. आणि लिहिलं, "तुमचे दीर काल गेले. इकडे हैजा आहे, पोरीला घेऊन येऊ नका. तिला कळू देऊ नका. मी स्वतः येऊन सांगीन." शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. याहून स्पष्ट कसं लिहितात ते मला माहीत नाही.

तुमचं उत्तर आलं ते तेरावं उलटून गेल्यावर. "कार्ड मिळालं. शामला सुखरूप आहे. तू स्वतःला जप." बस. सासूबाई गेल्या तेव्हा ते सात वर्षांचे होते, तुम्हीच त्यांना न्हाऊमाखू घातलंत, तुम्हीच शाळेत नेलंत, हे मी लग्नापासून ऐकत आले. वहिनीच्या हातच्या वरणाचं कौतुक ऐकत ऐकत बारा वर्षं वरण केलं मी. आणि असा हा हातावर वाढवलेला दीर गेला तर कार्डावरच्या तीन तुटक ओळी! अर्धं कार्ड कोरं होतं, बाई.

तरी मी बोलले नाही. मारबतीचा पुतळा रोगराई घेऊन गावाबाहेर जाईपर्यंत पोरीला आणायचं नाही असं ठरवलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी "रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडत मिरवणूक गेली, आणि तीन दिवसांनी मी एसटीत बसले.

निघताना मी कपाळाला कुंकू लावलं. हिरव्या बांगड्या भरल्या. इंदूबाईंनी पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. लावू दे. उघडं कपाळ पाहून माझी पोर दारातच समजली असती, आणि मला ते व्हायला नको होतं. मला तिला जवळ घेऊन, माझ्या तोंडानं, हळूहळू सांगायचं होतं. वर्ध्यापासून आर्वीपर्यंत मी मनातल्या मनात शब्द जुळवत होते.

तुमच्या ओसरीवर ती जोंधळे निवडत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आई, पुसून टाक ते. मले माहीत हाये."

तुम्ही तिच्या मागे उभ्या होतात. तुम्ही मान खाली घातली. मला तेवढं पुरलं.

काय केलंत तुम्ही हे कळतं का तुम्हाला? बाप गेल्यावरचं तिचं पहिलं रडणं माझ्या कुशीत व्हायचं होतं. ते माझ्या वाट्याचं होतं. नवरा गेला, घर रिकामं झालं, मी म्हटलं एवढं तरी माझं आहे, पोरीला मी धरीन आणि आम्ही दोघी मिळून रडू. ते तुम्ही आधीच घेऊन बसलात. स्वतःचं मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलाचं रडणंसुद्धा पदरात घ्यायचं, याला काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

हे वाक्य कडू आहे. खोडणार नाही. लिहिलं ते लिहिलं.

प्रेमिला


हंसापुरी, नागपूर
ता. २४ सप्टेंबर १९७०

मीराबाईंना,

उत्तर नाही. बरं आहे. गप्प बसणाऱ्याचं कधीच चुकत नाही.

मोहल्ल्यात सगळ्या म्हणतात, शामला किती शहाणी झाली. सकाळी उठून अंथरूण घडी करते, भांडी विसळते, शाळेत जाते, येते, अभ्यास करते. काही मागत नाही. कशालाही नाही म्हणत नाही. मी हसले की हसते. "भाजी कशी झाली?" विचारलं की "चांगली झाली" म्हणते, मीठ विसरलेलं असलं तरी. इंदूबाई म्हणतात, "नशीबवान हायेस वं, माही पोरं तं डोकं खाऊन राहिली." त्यांना काय माहीत. माझी शामी चपला शोधून न सापडल्या तर घर डोक्यावर घेणारी पोर होती. ही माझ्या घरात पाहुणीसारखी राहते आहे. बापाचं नाव एकदाही काढलं नाही. त्यांचा रंगाचा डबा कोपऱ्यात आहे, तिथून जाताना जरा वळसा घालून जाते.

आणि तुम्हाला मात्र आठवड्याला एक कार्ड. पेटीपर्यंत नेऊन मीच टाकते, तेव्हा मी वाचते हे सांगायला लाज कशाला? कार्डावरचं कोणीही वाचावं. गेल्या खेपेला लिहिलं होतं, "मोठी आई, आपलं ठरलं तसंच चालू आहे. तू काळजी करू नको." काय ठरलं आहे तुमचं? माझ्या पोरीशी, माझ्या माघारी, तुम्ही काय ठरवलं? मी विचारलं तर म्हणाली, "काही नाई, अभ्यासाचं." खोटं बोलताना ती डावा पाय उजव्या पायावर ठेवते. तेवढं तुमच्याआधी मला माहीत आहे.

आता तुम्ही म्हणाल, खोटं कोणी शिकवलं? तर हो, बापाच्या नावाची कार्डं मी लिहिली. चार. तुम्ही ओळखलंच असेल, मग उगाच कशाला लपवू? ते दर सोमवारी दुकानातून तिला कार्ड टाकत. ते गेल्यावर पुढचा सोमवार आला आणि माझ्या मनात आलं, तिकडे पोर पोस्टमनची वाट पाहत रस्त्यावर उभी असेल. त्यांचं अक्षर मला काढता येतं. "शामे, काम फार आहे, वहिनीला त्रास देऊ नको," असं काहीबाही लिहिलं आणि टाकलं. मग सवय लागली म्हणा. कार्ड लिहीत असेपर्यंत ते कुठे गेले नाहीत असं वाटायचं.

तिची उत्तरं यायची. सगळी बाबांना. "बाबा, आई जेवते का? आईचं डोकं दुखत असलं तर तिला झोपू द्या. आईला एकटीला ठेवू नका." मी ती वाचायचे आणि काय वाटायचं सांगू? दुखण्याच्या जोडीला राग यायचा. पत्र बापाला, आणि मी मधल्या ओळीत! मेलेल्या माणसाचा हेवा करणारी मी पहिलीच बाई असेन. एकीकडे तो, दुसरीकडे तुम्ही, आणि मी आपली कार्डं पेटीत टाकणारी.

तिच्याशी काय बोलता तुम्ही, की ती तुमच्याशी बोलते? एवढं तरी लिहा. शिकेन म्हणते.

प्रेमिला


हंसापुरी, नागपूर
ता. २ ऑक्टोबर १९७०

मीराबाईंना,

तुमचं पत्र पोचलं. यावेळीही तुटकच.

"प्रेमिला, मी तिला सांगितलं नाही. यापुढे मला विचारू नको, तिला विचार. आणि आधी तू रड. तिच्यासमोर रड. तू कोरडी राहिलीस तर तीही कोरडी राहील."

वा! आता रडायचं कसं तेही मी आर्वीच्या शाळेत शिकायचं. तेरा दिवस मी पोटातल्या पोटात रडले, पोर आल्यावर डोळ्याला पाणी येऊ दिलं नाही, कशासाठी? तिला आधार वाटावा म्हणून. आई मोडली तर लेकराचं कोण, असं सगळे सांगत होते. आणि तुम्ही सांगता, रड.

आणि तुम्ही सांगितलं नाही तर मग काय कावळ्यानं येऊन सांगितलं?

तरी विचारलं मी तिला. जेवायला वाढता वाढता विचारलं. "शामे, बाबाचं तुले कोणं सांगितलं?" ती ताटाकडे पाहत राहिली. पुन्हा विचारलं. "मोठ्या आईनं सांगितलं ना?" मान हलवून नाही म्हणाली. "मग कोणं?" ती भात चिवडत राहिली. मी म्हटलं, "तिच्याशी बोलतं तोंड, माह्याशी काहून नाई बोलत?" तरी बोलली नाही. मग माझा हात उठला.

लिहायचं नव्हतं, पण लिहिलं. गालावर चार बोटं उमटली. ती रडली नाही. उठून तांब्या घेतला आणि माझ्या ताटापाशी पाणी ठेवलं. बसा आता, करा खुणा लाल शाईनं.

प्रेमिला


हंसापुरी, नागपूर
ता. ११ ऑक्टोबर १९७०

मोठ्या बाई,

हे पत्र बसून वाचा.

काल दसरा झाला. यंदा सण नाहीत आम्हाला. पण तुमचे दीर म्हणत, हत्याराला सुतक नसतं. म्हणून त्यांचे ब्रश रॉकेलात धुतले, पुसले, पाटावर मांडले. शेजारी शामलाची पुस्तकं मांडावीत म्हणून तिचं दप्तर काढलं. ती इंदूबाईंच्या मुलींबरोबर सोनं आणायला गेली होती. भूगोलाच्या पुस्तकाला खाकी कव्हर आहे, तुम्हीच घातलेलं. ते एका बाजूला जाड लागलं.

आतून कार्ड निघालं. माझ्या अक्षरातलं. कोपरा फाडलेलं. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

असलं कार्ड कोणी घरात ठेवत नाही. वाचतात आणि तिथल्या तिथे फाडून टाकतात. माझ्या पोरीनं ते अडीच महिने रोज पाठीवर शाळेत नेलं.

ती आपट्याची पानं घेऊन आली आणि माझ्या हातात कार्ड पाहून दारातच थबकली. मी ओरडले नाही. कार्ड तिच्यापुढे धरलं.

"हे कुठून आलं वं तुह्याकडे?"

"पोस्टमननं देल्लं. मी रोज पाहत होती ना रस्त्यावर. मले वाटलं बाबाचं हाये."

बाई, मी पाकीट का नाही घेतलं? तारेनं पोर घाबरेल एवढा विचार केला, पण कार्ड कोणीही वाचू शकतं आणि पोर आता चौथीत आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. ती रोज पोस्टमनची वाट पाहते हेसुद्धा मला माहीत होतं. मी तिला सांभाळायला निघाले आणि तिच्याच हातात नेऊन दिलं.

"मग मोठ्या आईले काहून नाई देल्लं?"

"तिनं बाबाले लहानाचं मोठं केलं ना. तिले लय रडू आलं असतं."

"अन् तू?"

"मी गोठ्यात जाऊन बसली. मग मोठ्या आईनं आवाज देल्ला, तं धुणं वाळत घातलं."

"किती दिवस सांगितलं नाई?"

तिनं बोटांवर मोजलं. खरंच मोजलं, एकेक पेर धरून. "अकरा," म्हणाली. "मग ताप आला तवा तोंडातून निघालं. मोठ्या आईले मी शपथ घातली, आईले सांगू नको म्हणून."

"मले काहून नाई सांगायचं?"

डावा पाय हलला नाही. सरळ उभी होती. "तुह्याच कार्डानं समजलं हे कळलं तं तुले लागलं असतं. अन् तू बाबाची कार्डं लिहून राहिली होती. मले वाटलं, तुले लिहिल्यानं बरं वाटत असन. म्हणून मीबी लिहिली."

ती उत्तरं, मोठ्या बाई. आई जेवते का, आईला झोपू द्या, आईला एकटीला ठेवू नका. बाप नाही हे माहीत असून लिहिलेली. मला वाटायचं मी मधल्या ओळीत आहे. सगळं पत्रच माझ्यासाठी होतं.

ज्या रडण्यासाठी मी तुमच्या नावानं बोटं मोडली ते तुमच्या कुशीत झालंच नव्हतं. कोणाच्याच कुशीत झालं नाही. अकरा दिवस माझं लेकरू तुमच्या घरी जेवत होतं, शाळेत जात होतं, तुमच्याशी हसत होतं, आणि तुम्हाला कळू नये म्हणून जपत होतं. नंतर मला कळू नये म्हणून जपलं. आम्ही दोन मोठ्या बायका, आणि आम्हा दोघींना नऊ वर्षांची पोर सांभाळत होती.

आणि तुम्ही. तुम्ही वाढवलेला दीर गेला ते तुम्हाला बारा दिवसांनी तापलेल्या पोरीच्या तोंडून कळलं. तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत असताना कळलं असेल. रडायलाही सवड मिळाली नसेल तुम्हाला. मी अर्ध्या कोऱ्या कार्डाचा हिशेब मांडत बसले, आणि तुम्ही ते कार्ड शपथ सांभाळत लिहीत होतात. पहिल्या पत्रात मी तुम्हाला जे म्हटलं ते खोडणार नाही असं लिहिलं होतं. ते तुम्ही खोडा. तुमच्या लाल शाईनं खोडा.

तरी एक खरं सांगते, राग मानू नका. बाराव्या दिवशी का होईना, ती बोलली ते तुमच्याशी. तेवढा हेवा अजून आहे. जातच नाही. कार्ड आज मी फाडलं, तिच्यासमोर. ती पाहत राहिली, पण रडली नाही. मीही नाही.

प्रेमिला


हंसापुरी, नागपूर
ता. २१ ऑक्टोबर १९७०

मोठ्या बाई,

तुमचं पत्र आलं. यावेळी दोन्ही बाजूंनी भरलेलं. तुमचे दीर लहान असताना गेरू घेऊन भिंतीवर नावं लिहीत आणि तुमच्या सासऱ्यांचा मार खात, हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. शामलाला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

आता मी जे लिहिते ते तुम्हाला कळायला हवं, कारण तो तुमचाही होता.

परवा शाळेला सुट्टी होती. मी तांदूळ निवडत होते, ती समोर बसून खडे वेचत होती. मध्येच म्हणाली, "आई, बाबा कसे मेले?"

मी म्हटलं, "हैज्यानं."

"ते माहीत हाये. पण कसे? मोठ्या आईले विचारलं, तिले माहीत नाई म्हणे. तुलेच माहीत हाये."

बघा, किती दिवस मी याचीच वाट पाहत होते. असं काहीतरी असावं की जे तिनं फक्त माझ्याकडे मागावं, तुमच्याकडे मिळू नये. आणि मिळालं तर हे. मला वाटलं, गोड करून सांगावं. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. जिभेवर आलं होतं. पण तिनं इतकं खोटं माझ्याकडून घेतलं आहे की आणखी द्यायला हात होईना.

म्हणून सांगितलं. आधीच्या रात्रीपासून पाऊस लागला होता. लाकडं भिजली होती, चूल धूर करायची आणि विझायची. हैज्याचे दिवस म्हणून आम्ही महिनाभर पाणी उकळून पीत होतो. त्या दिवशी नाही उकळलं. ते कामावरून भिजून आले आणि म्हणाले, "पाणी दे वं." मी विहिरीच्या पाण्याचा ग्लास भरला. त्यांनी हातात घेऊन विचारलं, "उकळलं काय?" मी हो म्हटलं. एका ग्लासानं काय होते, असं वाटलं मला. दोन दिवसांनी त्यांना उलटी लागली. त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं तेव्हा मी सोबत होते, शेवटपर्यंत होते. मी सांगितलं नाही त्यांना. ते गेले तरी त्यांना वाटत होतं की पाणी उकळलेलं होतं.

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणूनच मी आर्वीला यायला टाळत होते. मारबतीचं निमित्त होतं. पोरीनं कसे गेले विचारलं तर काय सांगू, याची भीती होती.

शामला हातातले खडे मुठीत धरून बसली होती. मग विचारलं, "तू मुद्दाम केलं काय?"

"नाई वं बाई."

"मग तू रडत काहून नाई?"

मग मला थांबवता आलं नाही, मोठ्या बाई. तुम्ही सांगितलेलं आठवून नाही, ठरवून नाही. तांदळाचं सूप मांडीवरून गेलं. मी अशी रडले की इंदूबाई भिंतीपलीकडून विचारायला लागल्या. आणि शामी माझ्या गळ्यात पडली आणि ओरडून रडली, बापाच्या नावानं, चपला न सापडल्यावर ओरडायची तशी. किती वेळ ते माहीत नाही. तांदळात खडे परत मिसळले.

जरा शांत झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "बाबा तं कुठंबी पाणी पीत होते. बोर्ड लावायले गेलो की नळाले तोंड लावत. मलेबी पाजत. म्हणत, आईले सांगू नको."

बघा म्हणजे. उन्हाळ्यापासून बापलेकीचं हे चाललं होतं, आणि मी घरी पातेल्यावर पातेलं उकळत होते. मला हसू आलं, रागही आला, आणि छातीवरचं काहीतरी जरासं सरकलं. सगळं नाही सरकलं. कोणत्या पाण्यानं झालं ते आता कोणीच सांगू शकत नाही, असं दवाखान्यातले डॉक्टरही म्हणाले होते. पण मी हो म्हटलं होतं, ते माझं आहे. ते मी वागवीन.

काल तिनं चपलांवरून घर डोक्यावर घेतलं. भाजी खारट झाली म्हणाली. खरंच झाली होती.

(एवढं लिहून ठेवलं होतं आणि टाकायला निघाले, तर शामलानं तिचं कार्ड हातात दिलं, मोठ्या आईला टाक म्हणून. पेटीपाशी जाऊन वाचलं. आता सवय जात नाही. परत घरी येऊन खाली लिहिते आहे.)

तिनं लिहिलं आहे, "मोठी आई, आईने मला बाबांचं सगळं सांगितलं. पण ते मी तुला सांगणार नाही. तू शपथ घातली तरी नाही. ते माझं आणि आईचं आहे. तुझी शामला."

काय वाटलं ते लपवत नाही. रस्त्यात उभी राहून मी ते तीनदा वाचलं. पोर तुमच्यापासून काहीतरी लपवते आहे, आणि ते माझं आहे. मला झालेला आनंद चांगल्या बाईला होऊ नये असा होता.

मग लक्षात आलं की तिनं जे झाकलं ते वर मीच सगळं लिहून बसले आहे. क्षणभर वाटलं, कागद फाडावा आणि तुम्हाला काही कळूच देऊ नये. पण नाही फाडत. तुम्ही त्याला न्हाऊ घातलेलं होतं, शेवटी कसा गेला ते तुम्हाला कळायलाच हवं. फक्त तुम्हाला कळलं आहे हे तिला कळू देऊ नका.

दिवाळीला या. यंदा फराळ नाही, आकाशकंदील नाही, पण तुम्ही या. आणि तिला काही विचारू नका, मोठ्या बाई. ती सांगायची नाही.

तुमची
प्रेमिला